पत्रकावरचं आईचं कपाळ

बाबांना कुर्ल्याच्या गिरणीतून घरी बसवलं तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. कापूस पिंजायच्या खात्यात त्यांनी इतकी वर्षं काढली होती की तो कापूस शेवटी त्यांच्या छातीत जाऊन बसला. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ. नळ खाली, खोली वर. बाबा कळशी घेऊन जिना चढायला लागले की मधल्या वळणावर कठडा धरून थांबायचे. तेवढ्यात कुणी आलंच, तर खाली वाकून अंगणातल्या कुणाला तरी हाक मारल्यासारखं करायचे. अंगणात कुणी नसायचं. दम लागलाय हे दिसू नये, एवढ्यासाठी ते.

घर आई चालवायची. उन्हाळ्यात ती लोकांच्या घरी वर्षाचा मसाला कुटून द्यायची, बाकीचे महिने पापड लाटायची, कुणाचं धुणं धुवायची. मिरचीचे दिवस सर्वांत वाईट. संध्याकाळी घरी आली की हातांना खोबरेल चोळून ती ते हात अंगापासून लांब धरून बसायची. त्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती. मिरचीचा वास घरातल्या सगळ्या कपड्यांना लागायचा. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसणारी मुलगी शिंकायची आणि म्हणायची, "सर्दी झालीय गं." तिला सर्दी नव्हती. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

मी हुशार होते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही; संकोच वाटावा असं पुढे पुष्कळ आहे. कोकणातल्या आमच्या गावच्या, आमच्या चाळीतल्या कुठल्याच मुलीने कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, ते मुलुंडच्या एका निधीमुळे. गरीब मुलांची फी आणि पुस्तकं हा निधी पुरवायचा. निवृत्त झालेले एक हेडमास्तर त्याचे चिटणीस. पावसात छत्री, उन्हातही छत्री, असे ते दारोदार फिरून वर्गणी गोळा करायचे. निधीतल्या पैशाने त्यांनी कधी चहासुद्धा प्यायला नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष लागलं आणि निधी आटला. एके दिवशी चिटणीसांनी मला मुलुंडला घरी बोलावलं. व्हरांड्यात त्यांचा भाचा बसला होता. तो फोर्टात एका जाहिरात कंपनीत कामाला होता. साबणाच्या, केसांच्या तेलाच्या जाहिराती लिहायचा. त्याच्या हातात निधीचं छापील पत्रक होतं: उद्देश, नियम, कार्यकारी मंडळ, मागच्या वर्षीचा हिशेब.

"मामा, हे कोण वाचतं?"

"सगळे वाचतात."

"स्टेशनबाहेरचा भजीवाला वाचतो का विचारा. त्याच्याकडे गठ्ठाच आहे."

"अरे, सार्वजनिक काम आहे हे. नियम नकोत? हिशेब नको?"

"मी साबण विकतो ना मामा, तेव्हा साबणात काय काय घातलंय ते सांगत नाही. एक बाई दाखवतो. न्हालेली, कडेवर मूल. बघणारीला वाटतं, अगोबाई, ही तर आपल्या शेजारची. झालं, साबण गेला! तुमच्या निधीत चाळीस मुलं असतील, मला एकच द्या. एक चेहरा, एक घर, एक गोष्ट." मग त्याने मान वळवली. "ही कोण?"

त्याने मला पुष्कळ प्रश्न विचारले. खोली केवढी, अभ्यास कुठे बसून करतेस, आई काय करते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मी बोलले ते कागदावर उतरवून घेत होतं. मी फुलून गेले. मिरचीचंसुद्धा सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, "झकास!" मग मी बाबांच्या दम्याचं सांगितलं. तो मान हलवत होता, पण लिहीत नव्हता. ते मला दिसलं. वाटलं, दमला असेल लिहून.

फोटो घाटकोपरातच स्टुडिओत काढला. आई दिवाळीचं लुगडं नेसून आली. भाच्याने तिचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि गळ्याशी आणला, इतका की मंगळसूत्र झाकून गेलं.

"असाच राहू द्या आई. घरंदाज दिसतं."

आईला घरंदाज हा शब्द आवडला. ती मला हळूच म्हणाली, "गो, कुकू दिसता मां माजा?"

"दिसतं, दिसतं," फोटोग्राफर काळ्या कपड्यात डोकं खुपसून आतूनच म्हणाला. "हसू नका बाई. मुलीकडे बघा. काळजी असल्यासारखं बघा."

"काळजी आसाच," आई म्हणाली, "तेका काय वेगळा बगूचा?"

आम्ही सगळेच हसलो. त्यामुळे तो फोटो वाया गेला आणि दुसरा काढावा लागला.

फोटोवाले तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने, बारीक पात्याने काम करत. देवीचे वण घालवत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकत. लग्नाच्या फोटोंसाठी सगळेच ते करून घ्यायचे. हे मला माहीत होतं. पण पत्रक छापून झाल्यावर आम्हाला त्याची एकही प्रत मिळाली नाही, आणि मीही मागितली नाही. दिवाळीत ती पत्रकं मुलुंडला, पार्ल्याला, दादरला देणगीदारांच्या घरोघर गेली. पैसे येऊ लागले. माझी त्या सत्राची फी भरली गेली. कॉलेजातली ती शिंकणारी मुलगी अचानक माझ्याशी फार मऊ वागायला लागली. डबा पुढे करायची. एकदा म्हणाली, "तू कधी बोलली नाहीस गं."

"काय?"

"जाऊ दे. खा ना तू."

मला राग आला. पोहे मात्र खाल्ले.

संक्रांत झाल्यावर चिटणीसांच्या पत्नीने त्यांच्या घरी निधीच्या देणगीदार बायकांचं हळदीकुंकू ठेवलं. तिळगूळ वाटायला मदत हवी म्हणून मला बोलावणं आलं. आई म्हणाली, मीही येते. तिला वेगळं बोलावणं नव्हतं, पण आमच्या चाळीत हळदीकुंकवाला कोण आमंत्रणाची वाट बघतं? सवाष्ण बाई दारात आली की तिला कुंकू लावायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय तिला रिकाम्या हातांनी जायचं नव्हतं. घरच्या मसाल्याच्या छोट्या छोट्या पुड्या बांधून तिने पिशवी भरली. "त्या आमका देतत, आपण पण वाण दिवया," म्हणाली. कपाळावर अधेलीच्या नाण्याएवढं कुंकू रेखलं आणि बाबांना विचारलं, "वाकडा नाय मां?"

"सरळ आसा," बाबा म्हणाले. "तू तेवडी वाकड्यात शिरू नको थंय जावन."

मुलुंडच्या त्या दिवाणखान्यात बायका भिंतीकडेने जाजमावर बसल्या होत्या. आई दाराजवळ टेकली. चिटणीसांची सून चांदीचा करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत येत होती. आईपाशी आली, तिने आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचं बोट थबकलं. तिने सासूकडे पाहिलं. सासू पुढे होऊन घाईघाईने म्हणाली, "मुलीला लाव. मुलीला लाव आधी."

सुनेने मला लावलं आणि आईला सोडून ती पुढच्या बाईकडे वळली.

आईला वाटलं, गडबडीत राहून गेलं. तिने पदर सावरून कपाळ पुढे केलं आणि हसत म्हणाली, "सूनबाय, माका इसारलास."

पलीकडची एक बाई शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं, तीच ना ही? मग कुंकू कसं?"

"अहो बाई," चिटणीसांच्या पत्नी आईच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाल्या, "मी काही जुन्या वळणाची नाही हो. जिला लावायचं तिने लावावं. पण इतक्या जणींत... लोक नावं ठेवतात. तुम्ही घरी लावत जा हवं तर."

"घरी लावत जा म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी कपाटावरून पत्रक काढून माझ्या हातात दिलं. आईने मान पुढे केली. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो बघायला अक्षरं लागत नाहीत. फोटोत ती होती, मी होते, आणि तिचं कपाळ धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ होतं. खाली छापलं होतं की वडिलांच्या पश्चात ही माउली मिरच्या कुटून लेकीला पदवीधर करू पाहते आहे.

आईने बोटाने फोटोतलं कपाळ चोळून बघितलं. वर काही लागलंय का, ते निघेल का, असं.

"ह्या कपाळ माजा नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "खाली काय लिवला?"

मी सांगितलं. आई सगळ्या बायकांकडे वळली. "माजो घोव घराक बसलो आसा. कोणाक बगूचो आसात तर येवा घाटकोपराक."

"म्हणजे आम्हाला फसवलं?" मघाची बाई म्हणाली. "मी तर माझ्या भिशीतले दिले हो. विधवा बाई म्हणून दिले."

चिटणीसांच्या पत्नीचा चेहरा उतरला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. त्यांनी करंडा घेतला आणि आईच्या कपाळाकडे बोट नेलं. आई मागे सरली. "आता नको. आदी तुमच्या घोवाक इचारा." ती उठली. मसाल्याची पिशवी तिने उघडलीच नाही. मला त्या क्षणी त्या बायकांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मला लाज वाटली ती आईच्या अधेलीएवढ्या कुंकवाची, तिच्या मोठ्या आवाजाची, त्या मसाल्याच्या वासाची. ही लाज आठवली की अजून माझे कान तापतात.

घरी आल्यावर आई चुलीकडे तोंड करून बसली. बाबांना मी सगळं सांगितलं.

"मेलंय कधी मी?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीत," मी म्हटलं.

"आणि तेराव्याक कोणी माका बोलवल्यानी पण नाय!"

"हसतास?" आई गर्रकन वळली. "बाजारात माजा कपाळ पुसल्यानी, आणि तुमी हसतास?"

"मगे काय करू? माज्या मरणान चेडवाची फी भरली. जितो आसताना मी काय भरलंय?"

ते गमतीने बोलत नव्हते. आईने त्यांच्यापुढे ताट आपटलं आणि माझ्याकडे बोट केलं. "त्येंका सांग, फी ठेवा तुमची. माका माजा कपाळ परत व्हया."

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांकडे गेले. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, त्याचे पैसे निधीतूनच येणार होते. ते नाही भरले तर वर्ष जाणार होतं, आणि आमच्याकडे गेलेलं वर्ष म्हणजे गेलेलं कॉलेज. तरी गेले. चिटणीस माझ्याकडे बघत नव्हते. घरात त्यांचं काय झालं असेल ते दिसतच होतं.

"मी छापण्याआधी वाचलं नाही गं," ते म्हणाले. "भाच्यावर सोपवलं. नंतर वाचलं तेव्हा पैसे यायला लागले होते."

"मग दुरुस्त करा."

"रविवारी वार्षिक समारंभ आहे. सगळे देणगीदार येणार. आत्ता सांगितलं तर ते उठून जातील. तू एकटी नाहीस बाळ, बाकीची मुलं आहेत. समारंभ होऊ दे."

भाचा खुर्चीत रेलून बसला होता. "काय बिघडलं एवढं? गोष्ट आहे ती. आणि खरं सांगू का, दमेकरी बाप असून नसून सारखाच."

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. चाळीतली भाषा होती.

समारंभात मला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते. भाच्याने ते लिहून दिले होते. शाळेचा हॉल भरला होता. आई-बाबा मागच्या रांगेत. बाबांनी कोट घातला होता, आईने कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं. मी व्यासपीठावर गेले आणि लिहून दिलेलं काही म्हटलं नाही.

"माझे वडील वारलेले नाहीत," मी म्हटलं. "ते मागे बसले आहेत, आईच्या शेजारी. फोटोत आईच्या कपाळावर कुंकू होतं. ते खोडून काढलं. आम्ही तसं करायला सांगितलं नव्हतं."

वाक्यं सरळ आली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. "मग आमच्या देणग्यांचं काय? हा काय प्रकार आहे चिटणीस?" आणखी दोघे उठले. चिटणीस खाली मान घालून बसले होते. मला समजलं, फॉर्म गेला.

तेवढ्यात मागून बाबा उठले. खुर्च्यांमधून हळूहळू पुढे आले आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागले. दोन पायऱ्या चढले आणि त्यांना खोकला आला. कठडा नव्हता. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले. खोकला थांबेना. घरी कधी पाहिला नव्हता असा, तळापासून उपसून काढलेला. उभे राहिलेले तिथेच थांबले. मग ते वर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि एवढंच बोलले, "मी जितो आसंय. पोरीचा शिकाप थांबवू नकात."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. उभे राहिलेले गृहस्थ खाली बसले, आणि मग परत उठले ते खिशात हात घालून. त्या दिवशी निधीला मिळालं तेवढं त्या पत्रकानेही मिळवून दिलं नव्हतं. भाचा माझ्याजवळ आला, डोळे चमकत होते. "च्यायला, हे आधी का नाही सांगितलंस? हे तर कितीतरी भारी आहे! पुढच्या पत्रकावर वडीलच घेऊ. त्या पायरीवर, असेच वाकलेले."

चिटणीस हात जोडून आईसमोर उभे राहिले. "बाई, चुकलो."

"माका नको," आई म्हणाली. "त्येंका सांगा. मेल्ले ते."

चिटणीसांच्या पत्नीने पर्समधून कुंकवाची छोटी डबी काढली. या वेळी आई मागे सरली नाही.

चाळीच्या जिन्याशी आल्यावर मी बाबांना धरायला गेले. त्यांनी हात सोडवला. "बरो आसंय मी."

"एवढा खोकला आला तुम्हाला."

"पयलो आपसूक इलो," बाबा म्हणाले. "मगे बगलंय, ते लोक उठान चलले. म्हणान बाकीचो मी काडलंय." ते थोडे हसले. तरुणपणी गावच्या देवळात दशावतारात काम केलेला माणूस. कधी आवाज चढवायचा, कधी खाली बसायचं, त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. "बरो झालो मां?"

आई दोन पायऱ्या वर होती. तिने ऐकलं. त्यानंतर कित्येक दिवस ती बाबांशी बोलली नाही. "पोरी, तुज्या बापाक सांग, च्या ठेवलंय," असं माझ्यामार्फत चालायचं. भाचा फोटोग्राफरला घेऊन चाळीत आला तेव्हा बाबा कोट शोधायला लागले होते. "खंयच्या बाजून काडतलास फोटो?" त्यांनी विचारलं. आईने दारातच त्यांना अडवलं आणि फोटोग्राफरला म्हणाली, "हयसून जावा. एकदा कपाळ नेलात, आता छाती नेतलास?"

मी चिटणीसांना जाऊन सांगितलं की आमच्या घरातला कुणाचाच फोटो पुन्हा छापायचा नाही. त्यांनी मान्य केलं आणि शब्द पाळला. पुढचं पत्रक पुन्हा नियमांचं आणि हिशेबाचं निघालं. वर्गणी पुन्हा कमी आली, तेही खरं.

पण त्या वर्षीचे पैसे मी घेतले. जिना चढताना कुणाला दिसू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाने भरल्या हॉलमध्ये आपला दम मोकळा करून दाखवला, त्याचे ते पैसे. मी ते परत केले असते तर माझी मान वर राहिली असती, आणि त्यांचं ते करणं फुकट गेलं असतं. कुठली लाज कमी, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. मी फॉर्म भरला.

परीक्षा दिली. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घराण्यात आणि आमच्या चाळीत पदवी घेणारी मी पहिली.